गादीतला बाण आणि काचेची पेटी

वाचकहो, मागील प्रकरणांत आपण या कुटुंबाचा उत्कर्ष पाहिला, त्याचप्रमाणे त्याची भांडणेही पाहिली. प्रस्तुत प्रकरणी एका बाणाची हकीकत सादर करण्याचे योजिले आहे. बाण साधा, लाकडी, तीन पिसांचा होता. परंतु त्याने एक मैदान, एक कार्यशाळा आणि एक घराणे वर्षभर जागच्या जागी खिळवून ठेविले. धनुष्यावर असताना त्याच्या हातून एवढा पराक्रम कधी घडला नव्हता. हकीकत घडली तशीच लिहिली जाईल व कोणाचीही भीड धरिली जाणार नाही. या प्रकरणी येणारा जावई म्हणजे प्रस्तुत लेखकच होय. तथापि कादंबरीच्या शिस्तीस अनुसरून त्याचा उल्लेख इतरांसारखाच केला जाईल.

घरचे वडील आबा यांना जाऊन, ही हकीकत घडली त्या दिवशी, वर्ष पूर्ण होत होते. ज्या काळी धनुष्य ही वस्तू केवळ नाटकवाल्यांच्या ट्रंकेत उरली होती, त्या काळी आबांनी बांबू चिरला, तासला, सावलीत वाळविला आणि त्याचे खरे धनुष्य सिद्ध केले. नेम धरण्यास कोणतेही यंत्र न लावता केवळ नजरेने व श्वासाने बाण मारण्याची जुनी विद्या त्यांनी अवघ्या शहरास शिकविली. त्यांच्याकडे शिंपी येत, परिचारिका येत, बसचे चालक येत. चुकलेल्या बाणावर ते कधी हसले नाहीत, आणि चुकलेल्या माणसास तर त्यांनी आधी चहा पाजला. त्यामुळे नेम न लागणारी मंडळीही त्यांच्याकडे वर्षानुवर्षे येत राहिली. किंबहुना तीच अधिक.

त्यांच्या मैदानाचे नियम दोन होते. ज्याचा बाण त्यानेच काढायचा, हा पहिला. मैदानात कोणाचाही बाण राहिला असेल तर नवी फेरी सुरू करायची नाही, हा दुसरा. दोन्ही नियमांमागे निव्वळ व्यवहार होता. दुसऱ्याचा बाण लोक वाकडा ओढतात व मोडतात, मग भांडतात. आणि बाण काढावयास गेलेल्याच्या पाठीत पुढचा बाण बसू नये. परंतु हयात माणसाचा नियम मोडता येतो; गेलेल्या माणसाचा मोडू गेल्यास नातेवाईक जमतात.

आबांचा अखेरचा बाण गवताच्या जाड गादीत, जिच्यावर लक्ष्याचा कागद लावतात तिच्यात, रुतून राहिला होता. तोही कागदावर नव्हे, तर डाव्या वरच्या कोपऱ्यात. ज्याचा बाण तो काढावयास येणे आता शक्य नव्हते. सबब नवी फेरी नाही. शिष्य पहिले काही आठवडे येत, बाणास हात जोडीत आणि परत जात. पुढे ते पोहायला जाऊ लागले.

मैदानाची जागा शेजारच्या वीटभट्टीच्या मालकाची. "बाण चालतायत तोवर मैदान तुमचं, बंद पडले की माझ्या विटा येतील," असा त्याने आबांना शब्द दिला होता. त्याने वर्षभर वाट पाहिली. आता त्या दिवशी सायंकाळी मैदानावर भरणाऱ्या सभेस येऊन तो निकाल ऐकणार होता.

थोरल्या मुलाने तोड काढिली होती. बाणासह अख्खी गादी काचेच्या पेटीत बसवावयाची आणि स्मारक करावयाचे. स्मारक हलवून विटा रचण्याची छाती कोणाची होणार? धाकट्या मुलीचे म्हणणे उलट होते. बाण काढा आणि उद्यापासून वर्ग सुरू करा. पेटी बनविण्याचे काम थोरल्याने धाकटीच्याच नवऱ्यास, म्हणजे जावयास, सांगितले. तो व्यवसायाने सुतार. मेहुण्यास नाही म्हणता येईना आणि बायकोस सांगता येईना, म्हणून त्याने पेटी अत्यंत सावकाश बनविली; परंतु सावकाश केलेले कामही अखेर पुरे होतेच.

सकाळी कार्यशाळेत पेटी उभी होती. थोरल्याची बायको, म्हणजे घरची सून, काच पुसत होती. आबांची बहीण, म्हणजे आत्या, स्टुलावर बसून देखरेख करीत होत्या; भावास त्या अण्णा म्हणत.

"जावईबापू, काचेवर तुमचा अंगठा उमटलाय."

"तो आतून आहे, आत्या."

"आतून? मग आता काय, अण्णाच्या बाणाशेजारी तुमचा अंगठा जन्मभर?"

"आतून पुसते मी," सून म्हणाली. "तुम्ही जरा पाय वर घ्या, आत्या. भुसा आहे."

थोरला पितळी पाटी घेऊन आला. पाटीवरून त्याने पुन्हा पुन्हा बाही फिरविली होती, हे तिच्या चकाकीवरून व बाहीच्या रंगावरून कळत होते.

"वाच की," आत्या म्हणाल्या. "माझा चष्मा घरी राहिला."

थोरल्याने घसा साफ केला. "'येथे आबांनी आपला अखेरचा बाण सोडिला. लक्ष्याचा मध्य त्यांनी पुढील पिढीसाठी मोकळा ठेविला.'"

आत्यांचे डोळे भरून आले. हे वाक्य मूळ त्यांचेच. बाण कोपऱ्यात का लागला, असे अंत्ययात्रेच्या दिवशी कोणी तरी विचारले असता त्यांनी ते उच्चारले होते. पुढे एका वार्ताहराने ते छापले आणि तेव्हापासून ते खरे झाले होते.

"फार छान. आणि खाली काय लिहिलंयस बारीक?"

"काही नाही. माझं आपलं. 'त्यांचे प्रथम शिष्य व ज्येष्ठ पुत्र.'"

आत्यांचे डोळे तत्काळ कोरडे झाले.

"प्रथम शिष्य कोण?"

"म्हणजे... घरातला पहिला मुलगा मीच ना?"

"तू जन्मायच्या आधी मी त्याच्यासमोर डोक्यावर भोपळा घेऊन उभी राहायचे! सगळी आळी बघायला यायची."

"आत्या, भोपळा धरणं म्हणजे शिष्य होणं नव्हे."

"हो का? भोपळ्याखाली डोकं कोणाचं होतं रे? तुझं?"

"जावईबापू, तुम्ही सांगा," थोरला वळून म्हणाला.

"मी काचेचं माप घेतलंय," जावई म्हणाला. "मजकुराचं नाही."

आत्या स्टुलावरून उतरल्या. वर्षभर त्या थोरल्याच्या पक्षाच्या आधारस्तंभ होत्या. भुसा झटकून त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा त्या धाकटीच्या पक्षात होत्या. इतके अंतर कापावयास इतरांना निदान काही कारण लागते. आत्यांना एक विशेषण पुरले.

"बाण काढायचाच," त्या दारातून म्हणाल्या. "अण्णाला काचा कधी आवडायच्या नाहीत."

"काल तर म्हणालात—"

"काल मी पाटी ऐकली नव्हती!"

मागच्या खोलीत आई दोरी वळीत बसल्या होत्या. धनुष्याची दोरी वळणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. धागे ताणायचे, मेण चोळायचे, पीळ द्यायचा, टोकाला फास करायचा. आबांच्या प्रत्येक धनुष्यावर आईंची दोरी होती. वर्षभर एकही बाण सुटला नव्हता. तरी आई दोऱ्या वळीतच होत्या आणि त्या खुंट्यांवर टांगल्या जात होत्या.

धाकटी येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"आई, तू एक शब्द बोल. तू म्हणालीस काढ, तर दादा अडवणार नाही."

"एक शब्द बोलून या घरात कधी काही झालंय?"

"आबा असते तर म्हणाले असते, ओढ तो आणि पुढचा मार."

"तुझ्या दादालाही तुझे आबाच सांगतात रोज, काचेत ठेव म्हणून," आई पिळावरची नजर न काढता म्हणाल्या. "असताना दिवसभरात चार वाक्यं बोलायचे. गेल्यापासून फारच बोलायला लागलेत."

धाकटीस हसू आले व त्यामागोमाग रडूही. तिने दोहोंनाही आवरले.

"मैदान गेलं तर काय करशील गं?" आईंनी विचारिले.

"वीटभट्टीत जाईन. विटांना पिसं लावीन."

"मी नीट विचारतेय."

"नीटच सांगते मग. मला दुसरं काही येत नाही, आई. लोकांच्या मुली टायपिंग शिकल्या तेव्हा मी बांबू तासत होते. आता मला कोण उभं करणार? मी शिकवीन ते त्या मैदानावरच. ते गेलं की मी पण गेले म्हणून समज."

ती उठून गेली. आईंच्या हातातला पीळ सैल झाला व दोरी उलगडली. त्यांच्या जिभेखाली वर्षभर एक वाक्य दाबून ठेवलेले होते. ते बोलल्यास धाकटीस मैदान मिळणार होते, आणि नवऱ्याच्या नावावरची एक फार सुंदर गोष्ट जाणार होती. न बोलल्यास गोष्ट राहणार होती, आणि तिच्यावर विटा. त्यांनी दोरीस नव्याने मेण लावण्यास प्रारंभ केला.

इकडे थोरला मैदानावर खुर्च्या मांडीत होता. वाचकांनी त्यास खलपुरुष समजू नये. तो कचेरीत काम करणारा, पापभीरू, सर्व काही वेळेवर करणारा मनुष्य होता. लहानपणी त्याचे बाण गादीस सोडून कुंपणास लागत. आबा त्यास कधी रागावले नाहीत. त्यांनी एक दिवस कुंपणाजवळ दुसरी गादी उभी करून दिली. त्या दयेनंतर त्याने पुन्हा धनुष्य हाती धरिले नाही. बापास जे बाणाने देता आले नाही ते काचेने द्यावे, एवढीच त्याची आकांक्षा होती.

सून पाण्याचे पेले मांडीत त्याच्याजवळ आली.

"अहो, ते प्रथम शिष्य काढून टाका. नुसतं पुत्र ठेवा. पुत्र तर आहातच, त्यावर कोणी भांडणार नाही."

"पितळेवर कोरलंय ते. पाटी आहे का ओल्या फडक्यानं पुसायला?"

"मग आत्याबाईंचा भोपळा पण कोरा शेजारी."

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"ज्या बाजूला भांडण लवकर संपेल त्या," सून म्हणाली. "गेलं वर्षभर सुट्टीचा एक दिवस तुम्ही घरी नाही. मुलं मला विचारतात, बाबांची पण पेटी करायचीय का?"

सायंकाळी सभा भरली. जुने शिष्य आले. वीटभट्टीचा मालक पुढच्या खुर्चीवर बसला. सभ्य गृहस्थ, त्याने डोक्यावरची टोपीही काढिली. पेटी गादीच्या बाजूस उभी होती व तिच्या काचेत सर्वांची तोंडे दिसत होती, त्यामुळे बहुतेकांनी केस सारखे केले.

थोरल्याने भाषण आरंभिले. "ज्यांनी आपल्याला सरळ उभं राहायला शिकवलं, त्यांचा हा शेवटचा बाण. तो मध्यावर नाही. का नाही? कारण मध्य त्यांनी—"

"ते माझं वाक्य आहे," आत्या मोठ्याने म्हणाल्या.

"—पुढच्या पिढीसाठी मोकळा ठेवला. म्हणून हा बाण इथून कोणीही—"

"ओढ गं धाकटे, मी आहे!"

"आत्या, सभा चालू आहे!"

"मग बंद कर. चांगली कधी चालली होती?"

शिष्यांत हशा पिकला. धाकटी उठून गादीकडे निघाली, थोरला लगबगीने तिच्या आडवा झाला. दोघे बाणापासून हातभर अंतरावर उभे राहिले.

"दादा, बाजूला हो."

"ज्याचा बाण त्यानेच काढायचा. हे तू पोरांना शिकवतेस ना? मग?"

"आणि ज्याचा तो येणार नसेल तर?"

"तर तो राहील."

"आणि मी कुठे राहीन?"

वीटभट्टीचा मालक अवघडून म्हणाला, "घरातलं आहे, मी बोलू नये. पण मला बाण चाललेले दिसले पाहिजेत. ठेवलेले नाही. ठेवायला मग माझ्या विटाही आहेत."

याच वेळी आई उठल्या. त्या खुर्च्यांमधून वाट काढीत सावकाश गादीपर्यंत आल्या.

"थोरला बरोबर बोलतोय," त्या म्हणाल्या. "ज्याचा त्यानेच काढायचा."

धाकटीची मान खाली गेली. थोरल्याने सुस्कारा सोडला. आईंनी डावा तळवा गादीवर टेकविला, बाण दोन बोटांमध्ये घेतला आणि उजव्या हाताने सरळ, न वाकविता, बाहेर ओढिला.

मग त्यांनी तो सर्वांस दिसेल असा धरिला.

"माझा आहे," आई म्हणाल्या.

"माझा म्हणजे काय?" आत्यांनी विचारिले.

"बाण. मी मारलाय. हे जायच्या थोडं आधी, एका दिवशी ह्यांना बरं वाटत होतं म्हणून आम्ही दोघंच इथे आलो. ह्यांचा खांदा दोरी पूर्ण ओढू देईना. मग म्हणाले, तू मार. मी म्हटलं, मला येत नाही. तर म्हणाले, 'तुझ्याच दोरीनं मी जन्मभर मारतोय, आणि तुला येत नाही?' मला फार राग आला. इतकी वर्षं शहराला शिकवलं, मला विचारलं ते त्या दिवशी. त्या रागातच सुटला. बाण ह्यांच्याच भात्यातला, म्हणून तुम्हाला ह्यांचा वाटला."

"वहिनी!" आत्या म्हणाल्या. "वर्षभर गप्प बसलात?"

"तुम्ही गादीपाशी येऊन 'माझ्या भावाचा शेवटचा बाण' म्हणून हंबरडा फोडलात. सगळी माणसं रडत होती. तेव्हा मी काय सांगू, की तो माझा नेम चुकलेला आहे म्हणून?"

"मग मध्य मोकळा ठेवला तो...?"

"मला लागला नाही म्हणून मोकळा राहिला."

मागच्या रांगेत कोणी तरी हसले आणि मग आपण हसलो याचे त्यास वाईट वाटले. थोरला मात्र हसला नाही. त्याच्या पाटीवरील पहिले वाक्य खोटे ठरले होते, दुसरे वाक्य विनोदी ठरले होते, आणि तिसऱ्यावर सकाळीच वाद झाला होता.

"आई," तो हळू म्हणाला, "मग आबांचा शेवटचा कुठे आहे?"

आईंनी क्षणभर विचार केला. येथे असत्य बोलणे सोपे होते. त्या सत्यच बोलल्या.

"त्यांनी माझ्या आधी एक मारला होता. खांद्यानं साथ दिली नाही. तिकडे गवतात गेला."

"सापडला?"

"नाही."

"म्हणजे अजून मैदानात आहे."

ही गोष्ट तोवर कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. धाकटीने कपाळास हात लाविला. गादीतील बाण निघाला, तो गवतात दुसरा निघाला! नियम दुसरा: मैदानात कोणाचाही बाण असेल तर नवी फेरी नाही. वीटभट्टीच्या मालकाने टोपी पुन्हा डोक्यावर ठेविली.

सुतार जावई पुढे होऊन म्हणाला, "हरवलेल्या बाणाला वेगळं असतं ना काही? हात वर करतात ते?"

वाचकांच्या माहितीस्तव सांगितले पाहिजे की गवतात हरवलेला बाण धन्याने सोडून द्यावयाचा ठरविल्यास तो रिकामा तळवा उंच धरितो. मग त्या बाणावर कोणाचा हक्क नाही व त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. फेरी पुढे चालू होते.

थोरल्याने आईकडे पाहिले. "आबांनी हात वर केला होता?"

आईंनी त्याच्या नजरेस नजर दिली.

"केला होता," त्या म्हणाल्या.

"अण्णानं?" आत्या उद्गारल्या. "हात वर? अहो वहिनी, त्याला तर एक काडी हरवली तरी—"

"आत्याबाई, पाय!" असे म्हणून सुनेने त्यांच्याच पायावर पाय दिला.

आबांनी जन्मात कधी हात वर केला नव्हता, हे त्याच्याइतके त्या मैदानावर कोणासच ठाऊक नव्हते. कारण त्यांचे हरवलेले बाण शोधण्यास तेच त्यास घेऊन जात. स्वतः नेम न लागणारा तो मुलगा, आणि ज्यांचा नेम सहसा चुकत नसे असा बाप, दोघे गुडघ्यांवर बसून गवत चाळीत, जेवणासाठी हाका येत, आबा म्हणत, "अजून थोडं, सापडेल." बापाबरोबर एकट्याने घालविलेला त्याचा सर्व काळ त्या गवतात होता. आई खोटे बोलत होत्या. धाकटी जमिनीकडे पाहत होती. तिलाही ठाऊक होते, पण ती भावावर काही लादू इच्छीत नव्हती. आता तो एक शब्द बोलला असता तर नियम त्याच्या बाजूस होता, सत्य त्याच्या बाजूस होते आणि पेटीही तयार होती.

"केला असेल," थोरला म्हणाला. "मी नव्हतो ना तिथे."

"दादा..."

"अगं, आई सांगतेय. ती होती तिथे." त्याने भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. मग तो बाण मारण्याच्या रेषेच्या टोकाशी, जेथे आबा उभे राहत तेथे, जाऊन उभा राहिला. आवाज प्रथम फाटला, म्हणून त्याने दुसऱ्यांदा पुकारिले:

"मैदान मोकळं! नवी फेरी! ज्याला मारायचंय त्यानं रेषेवर यावं!"

धाकटी धनुष्य आणण्यास कार्यशाळेकडे धावली. शिष्य खुर्च्या मागे सरकवू लागले. आई मात्र रेषेवर आधीच उभ्या होत्या, हाती तोच बाण घेऊन. आणि थोरला त्यांना सांगत होता की डावा पाय जरा पुढे घे, आणि हे तो अगदी चुकीचे सांगत होता.

येथे हे प्रकरण पुरे होते. ज्या वाचकांनी एवढा वेळ आमच्या घरातील भांडणे सहन केली त्यांचे मनःपूर्वक आभार. सदर लेखनात भाषेचे दोष असल्यास ते लेखकाचे समजावेत. पेटीत असल्यास तेही त्याचेच.

आपला नम्र,
रंधेबुवा
(सुतार व या घराचे जावई)